एस्पोसितो : एका इटालियन आडनावाचा उगम, अर्थ आणि प्रसार

इटलीतील सर्वाधिक प्रचलित आडनावांची यादी कोणीही आणि कोणत्याही दप्तरावरून तयार करो, तिच्या पहिल्या काही ओळींत ‘एस्पोसितो’ हे आडनाव आल्यावाचून राहत नाही. आणि नेपल्स शहरापुरता, किंवा ते ज्या कांपानिया प्रांताचे मुख्य ठाणे आहे त्या प्रांतापुरता विचार केला, तर हे नाव सर्वांच्या शिरोभागी जाऊन बसते. त्याच्या पंगतीतील इतर नावे उलगडावयास सोपी आहेत. ‘रोस्सी’ आणि त्याचेच दाक्षिणात्य रूप ‘रूस्सो’ ही तांबूस केसांच्या किंवा तांबूस वर्णाच्या कोणा पूर्वजावरून पडली, ‘ब्यांकी’ हे गोरेपणावरून किंवा पिकल्या केसांवरून आले, आणि मोटारगाड्यांमुळे जगभर दुमदुमलेले ‘फेर्रारी’ हे मुळात लोहाराचे नाव आहे. शरीराची खूण, हातातला धंदा, बापाचे नाव आणि राहण्याचे गाव या चार उगमांतून युरोपातील बहुतेक आडनावे निघाली आहेत. आपल्याकडील आडनावेही बरीचशी अशाच वाटांनी आली असल्यामुळे मराठी वाचकाला त्यांत नवल वाटण्याजोगे काही नाही. एस्पोसितो हे नाव मात्र या चारही वाटांनी आलेले नाही. त्यावरून पूर्वज कसा होता, काय करीत होता, कोठला होता यांपैकी काहीही कळत नाही. पूर्वजाचे आईबाप सरकारदरबारी ठाऊक नव्हते एवढीच एक बाब त्यावरून निश्चित होते. वंश नाही असे दर्शविण्यासाठी ठेवलेले नाव तीनशे वर्षांत देशातल्या सर्वांत विस्तीर्ण वंशनामांपैकी एक कसे झाले, याचा विचार करू लागले म्हणजे आडनाव हे रक्ताची साक्ष देते ही आपली दृढ समजूत पुन्हा तपासून पाहावी लागते. माझ्या मते या नावाचा प्रसार हा एका कुळाचा नसून एका संस्थेच्या दप्तराचा इतिहास आहे, आणि तो तसाच वाचला पाहिजे.

प्रथम अर्थाविषयी. लॅटिन भाषेत ‘एक्स्पोनेरे’ म्हणजे बाहेर मांडणे, उघड्यावर ठेवणे. त्यापासून साधलेले ‘एक्स्पोसितुस’ हे विशेषण जन्मदात्यांनी घराबाहेर ठेवून दिलेल्या अर्भकाला रोमन काळापासून लावले जाई. त्या काळी नवजात मूल घरात स्वीकारावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाचा होता, आणि नाकारलेले मूल रस्त्याच्या कडेस किंवा देवळाच्या पायरीवर ठेवण्याची रूढी इतकी रुळलेली होती की खुद्द रोम नगरीच्या संस्थापकांची आख्यायिका, म्हणजे तीबर नदीच्या पुरात सोडून दिलेल्या रोमुलुस आणि रेमुस या जुळ्या भावांची कथा, ही टाकलेल्या मुलांचीच कथा आहे. ख्रिस्ती धर्माने मूल टाकणे पाप ठरविले, पण दारिद्र्य आणि लोकापवाद ही त्या कृत्याची दोन्ही मुळे जागच्या जागी राहिली. तेव्हा मूल टाकले जाणारच असेल तर ते नदीत किंवा उकिरड्यावर न टाकता ज्या जागी त्याचा जीव वाचेल अशा जागी टाकले जावे, एवढाच तडजोडीचा मार्ग धर्मसंस्थेपुढे उरला. तीबर नदीत जाळे टाकणाऱ्या कोळ्यांना मासळीऐवजी बुडालेली अर्भके सापडू लागली, ते ऐकून पोप तिसरा इनोसंट याचे अंतःकरण विदीर्ण झाले आणि त्याने रोममधील सांतो स्पिरितो रुग्णालयात अशा मुलांची सोय केली, अशी दंतकथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, मध्ययुगाच्या उत्तरार्धात इटलीतील बहुतेक मोठ्या शहरांत टाकलेल्या मुलांसाठी धर्मादाय गृहे उभी राहिली हे निर्विवाद आहे. आपल्या आडनावाचे घर या मालिकेतील सर्वांत विख्यात घरांपैकी एक, नेपल्सची ‘सांता कासा देल आन्नुन्झियाता’, हे होय.

आन्नुन्झियाता म्हणजे देवदूताने मेरीला पुत्रजन्माची सुवार्ता दिली तो प्रसंग. त्या प्रसंगाच्या नावाने स्थापन झालेली ही संस्था चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आंजू घराण्याच्या अमदानीत उदयास आली. पुढे राण्यांचे आश्रय, सरदारांची दानपत्रे आणि मृत्युपत्रांतून आलेल्या मिळकती यांच्या बळावर ती इतकी वाढली की एकाच आवारात देऊळ, रुग्णालय, अनाथगृह आणि उपवर मुलींचे वसतिगृह नांदू लागले. सोळाव्या शतकात तर संस्थेच्या नावाने एक पेढीही चालू झाली. या पेढीचे १७०२ मध्ये दिवाळे वाजले आणि संस्थेची सारी घडी विस्कटली, पण मुले येण्याचे थांबले नाही. १७५७ च्या आगीत देऊळ भस्मसात झाले, तेव्हा कासेर्ताचा राजवाडा बांधणारा थोर वास्तुविशारद लुईजी व्हान्व्हितेल्ली याने ते नव्याने रचावयास घेतले आणि त्याच्या मागे त्याचा पुत्र कार्लो याने ते पुरे केले. दिवाळे, आग, राज्यक्रांती, परचक्र अशा सर्व आपत्तींतून या घराचे एकच काम अखंड चालू राहिले, आणि ते म्हणजे देवळाच्या प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीतील एका भोकातून येणाऱ्या मुलांना आत घेणे.

या भोकाला इटालियन भाषेत ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणतात. त्याची रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आडनावाचा जन्म अक्षरशः तेथे झाला. भिंतीच्या जाडीत बसविलेले ते उभ्या आसाभोवती फिरणारे लाकडी पिंप असे. त्याची एक बाजू उघडी, बाकीची बंद. उघडी बाजू रस्त्याकडे असताना कोणीही येऊन मूल त्यात ठेवावे, पिंप अर्धा फेरा फिरवावे आणि घंटा वाजवून अंधारात नाहीसे व्हावे. ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्याला दिसू नये आणि आतल्याचा चेहरा ठेवणाऱ्याला दिसू नये, हेच त्या यंत्राचे सारे प्रयोजन होते. आत चाकाशी रात्रंदिवस एक बाई बसलेली असे. ती मूल उचलून घेई, धुऊन काढी, दुपटे बदली, आणि मग ते नोंदीसाठी कारकुनापुढे जाई. नोंदवहीत तारीख, वेळ, मुलाचे अंदाजे वय, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन आणि शरीरावरील खुणा लिहिल्या जात. त्याच्याबरोबर काही वस्तू आली असेल तर तीही लिहिली जाई. आणि वस्तू पुष्कळदा येतच. अर्धे कापलेले नाणे, मधोमध फाडलेले चित्र, फितीचा तुकडा, संताच्या प्रतिमेचे अर्धे पदक. दुसरा अर्धा भाग आईने स्वतःजवळ ठेवलेला असे, की दिवस पालटले तर दोन्ही तुकडे जुळवून मूल परत मागता यावे. फार थोड्या तुकड्यांच्या नशिबी ती जुळणी आली. या वस्तूंचे वर्णन वाचताना, मुले टाकणाऱ्या स्त्रिया निष्ठुर होत्या असे म्हणणाऱ्यांच्या विधानाला काडीचाही आधार उरत नाही. निष्ठुर माणूस खूण मागे ठेवीत नाही. नोंद झाली की मुलाच्या गळ्यात शिशाची एक मुद्रा अडकविली जाई, त्याचा बाप्तिस्मा होई, आणि त्याला नाव मिळे. पहिले नाव एखाद्या संताचे. दुसरे नाव एस्पोसितो.

दुसरे नाव मुळात लागावेच का, याचे कारण चर्चच्या कारभारात आहे. १५६३ मध्ये समाप्त झालेल्या त्रेंतो येथील धर्मपरिषदेने प्रत्येक देवळात बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या वह्या ठेवण्याचा दंडक घातला. निषिद्ध नात्यांतील विवाह टाळावयाचे तर कोण कोणाचा हे लेखी असणे भाग होते. तोपर्यंत सैल असलेली, एका पिढीत एक तर दुसऱ्या पिढीत दुसरे अशी बदलणारी उपनावे या वह्यांमुळे हळूहळू पक्की झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. ज्याला बापच नाही त्याच्यापुढे काय लिहावयाचे, असा प्रश्न पडताच कारकुनाने त्याची स्थिती हेच त्याचे नाव म्हणून लिहिले. नेपल्सच्या या घराच्या ज्या जुन्या नोंदवह्या उरल्या आहेत त्या सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणापासूनच्या आहेत, आणि त्यांत हे विशेषण आडनावाच्या जागी स्थिरावलेले दिसते. अपमान करण्याचा हेतू त्यात होता असे मला वाटत नाही. नेपल्सच्या लोकांनी या मुलांना दुसरेही एक नाव दिले होते, ‘फिल्यी देल्ला मादोन्ना’, म्हणजे मातृदेवता मेरीची लेकरे. देवळातल्या मेरीच्या मूर्तीला तेथील बायाबापडे आजही लाडाने ‘मम्मा क्यात्ता’, लठ्ठ आई, म्हणतात. अशा मुलाला घरी आणून वाढविणे हे नवस फेडण्यासारखे पुण्यकृत्य मानले जाई. त्यामुळे दूध पाजण्यासाठी खेड्यापाड्यांतून पगारी दायांकडे धाडलेली पुष्कळ मुले मुदत संपल्यावरही त्याच घरी राहिली, तेथेच शेतीला, धंद्याला लागली, तेथेच त्यांची लग्ने झाली. आडनाव मात्र पाळणाऱ्याचे न लागता वहीतले तेच राहिले. कांपानियाच्या लहान लहान गावांतही एस्पोसितो घराणी दाट का आढळतात याचे एक उत्तर येथे आहे. दुसरे उत्तर असे की आन्नुन्झियाता या नावाची धर्मादाय गृहे आव्हेर्सा, कापुआ, गाएता अशा दक्षिणेतील इतर अनेक गावांतही होती आणि त्यांचा शिरस्ताही याच धर्तीचा होता.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. एस्पोसितो म्हणजे अनौरस संततीचे आडनाव, असे सरसकट लिहिलेले आढळते. ते अर्धेच खरे आहे. अविवाहित मातांवर गावचा पाद्री, सुईण आणि शेजारी यांचा केवढा दाब असे आणि मूल चाकात ठेवण्यास त्यांना कसे भाग पाडले जाई, याचे सविस्तर विवेचन डेव्हिड कर्ट्झर या अमेरिकन इतिहासकाराने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे, आणि ते वाचताना मन सुन्न होते. पण रीतसर विवाह झालेल्या दांपत्यांची मुलेही दुष्काळात, साथीत, घरात आणखी एक तोंड पोसण्याची ऐपत नसल्यामुळे चाकात ठेवली जात. मिलान शहरात तर असल्या मुलांचे प्रमाण फारच मोठे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नेपल्सच्या चाकातून वर्षाकाठी सुमारे २००० मुले आत येत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नसत. तीन-तीन, चार-चार अर्भके एका दाईच्या अंगावर असत, गाईचे दूध अशुद्ध, हिवाळ्यात खेड्यांपर्यंतचा प्रवास खडतर. हा मृत्यूचा आकडा आडनावाच्या प्रश्नाशी सरळ निगडित आहे. ज्या मुली जगल्या त्यांच्याबरोबर आडनाव पुढच्या पिढीत जात नसे, कारण संस्थेने हुंडा देऊन त्यांची लग्ने लावली की संतती पतीच्या नावाने चाले. तेव्हा जे मुलगे जगले, वाढले आणि बाप झाले, त्या थोड्यांच्या खांद्यावरूनच हे नाव एवढे पसरले; आजच्या संख्येवरून मागे हिशेब करू लागले म्हणजे चाकातून आलेल्यांची मूळ संख्या केवढी असेल या कल्पनेने छाती दडपते.

इतर शहरांचा रिवाज काय होता हे पाहिल्याशिवाय नेपल्सचे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही. रोममध्ये अशा मुलांना ‘प्रोयेत्ती’ म्हणत. लॅटिन ‘प्रोयेक्तुस’, फेकून दिलेला, यापासून झालेला तो शब्द, आणि एस्पोसितोपेक्षा कितीतरी कठोर. तरीही रोमन प्रदेशातील तो आज एक सर्वसामान्य आणि प्रतिष्ठित कुलनाम आहे. सिएना येथे ‘सांता मारिया देल्ला स्काला’ या रुग्णालयावरून मुलांना ‘देल्ला स्काला’ हे नाव मिळे. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तेथील मुले ‘कोलोंबो’ झाली. तो परिपाठ १८२५ पर्यंत चालला आणि त्यामुळे लोंबार्दीच्या आडनावांत कोलोंबो आजही अग्रभागी आहे. अर्थात प्रत्येक कोलोंबोचे मूळ तेथे शोधणे चूक होईल, कारण कबुतर पाळणारे किंवा त्या नावाचे पूर्वज असणारेही असतात, आणि अमेरिकेस पोचलेला जेनोव्हाचा दर्यावर्दी कोलंबस याचा मिलानच्या या घराशी काही संबंध नाही. फ्लॉरेन्सने मात्र या बाबतीत मनाचा मोठेपणा दाखविला. तेथील रेशीमवाल्यांच्या श्रेणीने पैसा पुरविला, ब्रुनेल्लेस्कीने १४१९ मध्ये बांधकामास हात घातला, आणि १४४५ च्या फेब्रुवारीत ज्या घराने आगाता नावाचे पहिले मूल आत घेतले त्या घराचे नावच ‘निरपराधांचे रुग्णालय’ असे ठेवण्यात आले. त्याच्या दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडविलेली, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांची निळ्या-पांढऱ्या झिलईची वर्तुळशिल्पे आजही पाहावयास मिळतात. तेथून निघालेली आडनावे ‘इन्नोचेन्ती’, ‘देल्यी इन्नोचेन्ती’, ‘नोचेन्तीनी’. एके काळी मुंबईच्या रस्त्यांवर धावणारी लॅम्ब्रेटा स्कूटर ज्याच्या कारखान्यात जन्मली त्या उद्योगपतीचे आडनाव इन्नोचेन्तीच होते. व्हेनिसच्या ‘पिएता’ या गृहाची गोष्ट याहूनही निराळी आहे. तेथे व्हिव्हाल्दी १७०३ पासून संगीत शिकवीत असे, आणि वाद्यवृंदातील मुली त्यांच्या वाद्यावरून ओळखल्या जात; त्याची नामांकित शिष्या आन्ना मारिया हिचे नाव ‘आन्ना मारिया दाल व्हियोलिन’ असेच लिहिले जाई. ज्या मुलीला कुळ नाही तिला तिच्या विद्येने नाव मिळावे, याइतका सुंदर प्रघात या साऱ्या इतिहासात मला दुसरा आढळला नाही.

नेपल्सला असला काव्यमय मार्ग सुचला नाही; तेथे एकच सरळ, कारकुनी शब्द दोनशे वर्षे सर्वांना लावण्यात आला, आणि संख्येच्या दृष्टीने पाहता तेच या नावाच्या विस्ताराचे खरे कारण ठरले. पुढे नेपोलियनचा मेहुणा झोआकिम म्युरा हा १८०८ मध्ये नेपल्सच्या गादीवर आला. फ्रेंच पद्धतीची मुलकी जन्ममृत्यू-नोंद तेथे १८०९ पासून सुरू झाली, आणि याच राजाच्या अंमलात टाकलेल्या मुलांना एस्पोसितो हे आडनाव देण्यास बंदी झाली. जन्माचा डाग आयुष्यभर सोबत बाळगण्याची पाळी मुलावर येऊ नये असा त्यामागील उदार विचार. यानंतर मुलांना नाना प्रकारची कल्पित आडनावे मिळू लागली. कोठे संतावरून, कोठे महिन्यावरून, कोठे फुलावरून, कोठे केवळ आद्याक्षराच्या क्रमाने. एकाच दिवशी एकाच चाकातून आलेली दोन मुले यामुळे दोन निरनिराळ्या कुळांची झाली. पुढे एकीकृत इटलीच्या कायद्यानेही हेच धोरण चालविले, आणि १९३९ च्या नागरी नोंदणीच्या हुकमात तर आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचे मूळ उघड करील असे नाव किंवा आडनाव देता कामा नये, तसेच इतिहासप्रसिद्ध किंवा त्या गावातील सुपरिचित घराण्याचे आडनावही देता कामा नये, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. पहिल्या अटीत दया आहे. दुसऱ्या अटीत प्रस्थापित घराण्यांची स्वतःच्या नावाविषयीची आस्था आहे.

या बंदीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नव्या एस्पोसितोंची नेमणूक थांबली, याचा अर्थ असा की आज हे नाव धारण करणारा माणूस मुख्यतः त्यापूर्वी चाकातून आलेल्या कोणा पुरुषाचा वंशज आहे, म्हणजे त्याच्या पाठीशी औरस, विवाहबद्ध, वह्यांत नोंदलेल्या सहा-सात तरी पिढ्या उभ्या आहेत. चाक मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे फिरत राहिले. नेपोलियनने १८११ मध्ये आपल्या साम्राज्यात ते सक्तीचे केले होते. इटलीत फेर्रारा शहराने ते १८६७ मध्ये बंद केले, नेपल्सने १८७५ मध्ये, आणि देशातील उरलीसुरली चाके १९२३ च्या नियमांनी कायमची थांबली. या शेवटच्या साठ-सत्तर वर्षांत नेपल्सच्या चाकातून आलेल्यांचे वंशज आज निराळ्याच, निरुपद्रवी वाटणाऱ्या आडनावांखाली वावरत आहेत आणि आपल्या मूळ पुरुषाची त्यांना गंधवार्ताही नाही. तेव्हा एस्पोसितो या नावाकडे बोट दाखवून कोणाचे कुळ काढणे हे जितके अनुदार तितकेच अज्ञानाचे आहे.

नावाच्या लोकप्रियतेचे मोजमाप कसे झाले याविषयी थोडे सांगितले पाहिजे. एमिदियो दे फेलिचे या भाषाशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये इटालियन आडनावांचा कोश प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी त्याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने आपली गणना दूरध्वनीच्या ग्राहकांच्या याद्यांवर उभारली होती. पद्धत कल्पक होती, परंतु त्या काळी दक्षिणेत घरोघर दूरध्वनी पोचलेला नव्हता, त्यामुळे दक्षिणेतल्या नावांची, आणि त्यांतही गरीब वस्तीत दाटलेल्या एस्पोसितोसारख्या नावाची, गणना हात राखून झाली असली पाहिजे. पुढे एन्झो काफ्फारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांचा दोन खंडांचा कोश २००८ मध्ये आला, तो अधिक व्यापक सामग्रीवर आधारलेला आहे. उपरूपांचाही हिशेब केला तर विस्तार आणखी वाढतो. आद्य स्वर गळून झालेले ‘स्पोसितो’, संबंधदर्शक उपसर्ग लागलेले ‘देस्पोसितो’, आणि उत्तरेत बोलोन्याच्या बाजूस ‘एस्पोस्ती’ व ‘देल्यी एस्पोस्ती’. या शेवटच्या रूपाला पिएरा देल्यी एस्पोस्ती या बोलोन्यात जन्मलेल्या अभिनेत्रीने विसाव्या शतकाच्या रंगभूमीवर मोठे तेज आणून दिले. स्पेनमध्येही याच लॅटिन मुळापासून ‘एक्स्पोसितो’ हे आडनाव निघाले, आणि त्याची कहाणीही अशीच आहे.

देशाबाहेरचा प्रसार हा दारिद्र्याचाच पुढचा अध्याय. १८८० पासून १९२४ मध्ये अमेरिकेने आपली दारे आवळली तोपर्यंत सुमारे चाळीस लक्ष इटालियन लोक तिकडे गेले, त्यांतील बहुतेक दक्षिणेचे, आणि त्यांचे सर्वांत मोठे निर्गमनबंदर नेपल्स. बंदरावरच्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी लोकांची आडनावे मनास येतील तशी बदलली, असे तिकडे घरोघर सांगतात. वास्तविक प्रवाशांच्या याद्या जहाज सुटतानाच भरलेल्या असत आणि तेथील अधिकारी त्यांच्यावरूनच नावे पुकारीत. बदलला तो उच्चार. इटलीत आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘पो’वर, पडतो, अमेरिकेत तो तिसऱ्यावर सरकला. अर्थाचे ओझे मात्र समुद्रापार गेलेच नाही, कारण तेथे तो शब्द कोणालाच कळत नव्हता. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीत फिल आणि टोनी हे एस्पोसितो बंधू प्रसिद्धीस आले, आणि त्यांपैकी फिल याने १९६८-६९ च्या हंगामात शंभर गुणांची मर्यादा प्रथमच ओलांडली. इस्लामचा अभ्यासक जॉन एस्पोसितो ब्रुकलिनमध्ये जन्मला. जियानकार्लो एस्पोसितो या नटाचे वडील नेपल्सचे, आई अलाबामाची कृष्णवर्णीय गायिका, आणि जन्म कोपेनहेगनचा. मायदेशी रोबेर्तो एस्पोसितो या तत्त्वज्ञाने ‘समुदाय’ म्हणजे काय, आपला कोण आणि बाहेरचा कोण हे कसे ठरते, या प्रश्नावर अनेक ग्रंथ लिहिले. आणि १८८९ मध्ये राणी मार्गेरीता नेपल्सला आली असता तिच्यासाठी टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा भाजणारा म्हणून ज्याचे नाव घेतात तो राफाएले, तोही एस्पोसितोच. त्या प्रसंगाच्या कागदपत्रांविषयी अभ्यासकांनी सबळ शंका काढल्या आहेत. तरी त्या आख्यायिकेतल्या पिझ्झेवाल्याला नेपल्सचे हेच आडनाव असावे, हे सर्वस्वी योग्य वाटते. नेपल्समध्ये सर्वसामान्य माणसाचे नमुनेदार नाव म्हणून शहराच्या संताचे ‘जेन्नारो’ आणि त्यापुढे ‘एस्पोसितो’ हीच जोडी तोंडात येते.

दोन एस्पोसितो भेटले तर त्यांचे नाते निघण्याचा संभव दोन अपरिचित माणसांपेक्षा फारसा अधिक नाही. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच की दोघांच्याही मूळ पुरुषांची नोंद एका प्रकारच्या वहीत, एका रीतीने झाली. वंशावळ काढणारा एस्पोसितो देवळांच्या वह्या उलगडीत मागे मागे जातो आणि एका विवक्षित तारखेशी थांबतो. तेथे त्याला पूर्वजाच्या अंगावरचे दुपटे कोणत्या रंगाचे होते हे कळते, पूर्वजाची आई कोण हे कळत नाही. कायद्याने मात्र या वह्यांची भाषा हळूहळू बदलली आहे. १९४८ च्या राज्यघटनेने विवाहबाह्य संततीचे संगोपन हे आईबापांचे कर्तव्य ठरविले; १९५५ च्या कायद्याने दाखल्यांवर आईबापांचे नाव लिहिण्याची प्रथाच काढून टाकली, आणि त्याबरोबर अज्ञात पित्याच्या जागी छापली जाणारी ‘एन. एन.’ ही दोन बदनाम अक्षरेही गेली; २०१२ मध्ये औरस-अनौरस हा भेदच कायद्यातून पुसला गेला. आणि २०२२ मध्ये इटलीच्या घटनापीठाने मुलाला आपोआप केवळ पित्याचेच आडनाव लागण्याची जुनी वहिवाट घटनाबाह्य ठरवून, आईबापांनी एकमताने निराळे ठरविले नसेल तर मुलाने दोघांचीही आडनावे धारण करावी, असा निर्णय दिला. चाकातून आलेल्या मुलींना जे जमले नाही ते आता त्यांच्या नावाच्या मुलींना जमणार आहे, आणि एस्पोसितो हे आडनाव आईकडूनही पुढच्या पिढीत उतरू लागले आहे.